मांजरांचा कोरोना आणि रेमडेसिव्हिरचा सख्खा भाऊ

2021 च्या एप्रिलमध्ये रेमडेसिव्हिरच्या एकेका इंजेक्शनसाठी पुण्या-मुंबईत रांगा लागल्या होत्या, आणि मागच्या दाराने तेच इंजेक्शन अव्वाच्या सव्वा भावाने विकलं जात होतं. या औषधाच्या सख्ख्या भावाचा काळा बाजार मात्र 2019 पासूनच जगभर चालू होता. त्यातलं गिऱ्हाईक होतं मांजरं पाळणारे लोक.

मांजरांना एफआयपी, म्हणजे फेलाइन इन्फेक्शियस पेरिटोनायटिस नावाचा आजार होतो. बोस्टनच्या पशुवैद्य जीन होल्झवर्थ यांनी 1963 मध्ये त्याची नोंद केली. पुढची पन्नासहून जास्त वर्षं निदान झालं की मांजर गेलंच असं धरून चालायचे. कारण असतो एक कोरोना विषाणू, पण कोविडच्या विषाणूशी त्याचं नातं लांबचं, आणि तो माणसाला होत नाही. 2020 मध्ये व्हॉट्सअॅपवरच्या अफवांना भिऊन ज्यांनी पाळलेली जनावरं रस्त्यावर सोडली, त्यांनी हे जरूर वाचावं.

हा विषाणू मुळात गरीब असतो. मांजराच्या आतड्यात राहतो, फार तर थोडे जुलाब होतात. जिथे पुष्कळ मांजरं एकत्र राहतात तिथे तो बहुतेकांना होऊन जातो. पण शंभरातल्या पाच-दहा मांजरांमध्ये, बहुधा दोन वर्षांच्या आतल्या पिल्लांमध्ये, तो त्या मांजराच्या अंगातच बदलतो. मग आतड्याच्या पेशी सोडून तो मॅक्रोफेज या संरक्षक पेशींमध्ये वाढू लागतो आणि त्यांच्याबरोबर अंगभर फिरतो. रक्तवाहिन्या सुजतात, पाझरतात, पोटात पाणी साठतं. हे पाणी पिवळसर आणि चिकट असतं, दोन बोटांत धरून ताणलं तर तार सुटते. डिस्टिल्ड वॉटरमध्ये अॅसेटिक अॅसिडचा थेंब घालून त्यात हे पाणी सोडलं, की ते न विरघळता थेंबाच्या थेंब खाली उतरतं. याला रिव्हाल्टा चाचणी म्हणतात. ती एकटी निर्णायक नाही, पण खर्च जवळजवळ शून्य. उलट रक्तात कोरोनाच्या अँटिबॉडी सापडल्या म्हणून एफआयपी ठरत नाही. त्या निरोगी मांजरांतही भरपूर सापडतात, आणि त्या कागदावरून मांजराला कायमचं झोपवणं हा शुद्ध अन्याय आहे.

आता औषध, म्हणजे रेमडेसिव्हिरचा तो सख्खा भाऊ. त्याचं नाव जीएस-441524, आणि मला त्याची करामत फार आवडते. कोरोनाचा आरएनए, म्हणजे त्याची जनुकीय माहिती लिहिलेली साखळी, लांबलचक असतो, सुमारे 29 हजार अक्षरांचा. पॉलिमरेज हे एन्झाइम त्याची नक्कल एकेक अक्षर जोडत करतं. इतक्या लांब मजकुरात चुका होणारच, म्हणून या विषाणूंकडे दुरुस्तीचं वेगळं एन्झाइम असतं. ते टोकाला बसलेलं चुकीचं अक्षर कापून टाकतं. जोडणी जागच्या जागी थांबवणारी साधी औषधं इथेच हरतात.

जीएस-441524 दिसतं थेट अॅडेनोसिनसारखं, म्हणजे आरएनएमधल्या ‘ए’ या अक्षरासारखं. महत्त्वाचा फरक हा, की त्याच्या साखरेच्या पहिल्या कार्बनवर सायनो गट असतो, एक कार्बन आणि एक नायट्रोजन. पेशी स्वतःच त्याला तीन फॉस्फेट लावते आणि पॉलिमरेज ते ‘ए’ समजून जोडून टाकतं. लगेच काही होत नाही. आणखी तीन अक्षरं जोडली जातात आणि मग काम अडतं. लेंग्यात नाडी ओवताना गाठ नेफ्यात सहज शिरते आणि चार बोटं पुढे शिवणीपाशी अडकते, तसं. कोविडच्या विषाणूत ही शिवण म्हणजे पॉलिमरेजमधलं 861 क्रमांकाचं अमिनो आम्ल, सेरिन. सायनो गट त्यावर आपटतो. तोवर खोटं अक्षर तीन घरं आत गेलेलं असतं, त्यामुळे टोक तपासणाऱ्या दुरुस्ती-एन्झाइमच्या ते सहज हाती लागत नाही. अक्षरांचा साठा मुबलक असेल तर पॉलिमरेज रेटून पुढे जातंही, पण मग तीच साखळी साचा म्हणून वापरताना खोट्या अक्षरासमोर ‘ए’चं जोडीदार अक्षर ‘यू’ बसवणं जड जातं. म्हणजे दोन ठिकाणी खोडा.

रेमडेसिव्हिर म्हणजे हाच रेणू, फक्त पहिला फॉस्फेट आधीच झाकून जोडलेला, कारण ती पायरी पेशीत संथ चालते. शरीरात गेल्यावर त्यातला बराचसा भाग पुन्हा जीएस-441524 होऊन रक्तात फिरतो.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतले नील्स पेडरसन यांनी 2019 मध्ये एफआयपी झालेल्या 31 मांजरांवरचे निष्कर्ष छापले. किमान बारा आठवडे रोज इंजेक्शन, आणि 25 मांजरं दीर्घकाळ जगली. पण रेणू ज्यांच्या मालकीचा त्या गिलियड कंपनीला माणसांसाठीचं रेमडेसिव्हिर पुढे न्यायचं होतं. मांजरांचं औषध तेव्हा काही बाजारात आलं नाही. मग चीनमध्ये बनवलेल्या बाटल्या सोशल मीडियावरच्या ग्रुपांतून घरोघर पोचू लागल्या.

माणसांत रेमडेसिव्हिरने एवढी कमाल का केली नाही? गंभीर कोविडमध्ये रुग्ण दाखल होईपर्यंत नुकसान बरंचसं प्रतिकारशक्तीच्या भडक्याने होत असतं. एफआयपीत आजारभर विषाणू वाढतच असतो, म्हणून त्याची वाढ रोखली की मांजर काही दिवसांत खायला लागतं. आपल्याकडे रांगा लागण्याआधीच, नोव्हेंबर 2020 मध्ये, दाखल रुग्णांना हे औषध देऊ नये असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने दिला होता. पण भाव चढला होता.

2023 मध्ये सायप्रसमध्ये एफआयपीची मोठी साथ आली. तिथल्या विषाणूने कुत्र्याच्या कोरोनाचा तुकडा उचलला होता आणि तो मांजरातून मांजरात थेट पसरत होता, जे एरवी फारसं होत नाही. तीन लाख मांजरं मेल्याच्या बातम्या फुगवलेल्या होत्या. सरकारने मात्र माणसांसाठी साठवलेल्या कोविडच्या गोळ्या मांजरांसाठी खुल्या केल्या.

म्युनिकच्या गटाने 2024 मध्ये 40 मांजरांवर तपासलं, तर पोटात किंवा छातीत पाणी झालेल्यांना तोंडावाटे 42 दिवस दिलेलं जीएस-441524 देखील 84 दिवसांइतकंच लागू पडलं. डोस वजनावर ठरतो. बरं होणारं पिल्लू भराभर वजन घेतं, तेव्हा उपचार चालू असेपर्यंत त्याला नियमित तोलायचं आणि डॉक्टरांना विचारून डोस वाढवायचा. डोळ्यांत किंवा मेंदूत आजार पोचला असेल, तर सुरुवातच जास्त डोसने करावी लागते.