स्वस्त डिझेल आणि तळहाताएवढं पापलेट

परवा कोल्हापूरच्या मासळी बाजारात तळहातावर मावेल एवढं पापलेट बघितलं. मोठं नाही का, विचारलं तर मावशी म्हणाल्या, "आवं, दर्या कोपलाय बघा." घाट चढून बर्फातून आलेलं ते पिल्लू बघून जीव कळवळला. पण दर्या कोपत नसतो. यामागे साधा हिशोब आहे, आणि तो मला फार आवडतो.

समजा, समुद्राच्या एका पट्ट्यात जास्तीत जास्त 1000 टन मासे जगू शकतात. 900 टन असले तर खाणं अपुरं पडतं. वर्षाची भर जेमतेम 36 टन. 200 टनच उरले तर अंडी घालणाऱ्या माद्याच कमी. भर 64 टन. बरोबर निम्मे, 500 टन राखले तर भर 100 टन, तीही दरवर्षी! (वाढ = 0.4 × साठा × (1 − साठा/1000), करून बघा.)

मग निम्म्याच्या खाली कोण कशाला जाईल? मासे विरळ झाले की तेवढ्याच मासळीसाठी ट्रॉलरला जास्त तास जाळं ओढावं लागतं, डिझेल जास्त जळतं. एका टप्प्यावर फेरी परवडत नाही, बोटी किनाऱ्याला लागतात आणि साठा सावरतो. खर्च हाच माशांचा राखणदार. कॅनडाचे अर्थशास्त्रज्ञ स्कॉट गॉर्डन यांनी 1954 मध्ये हे गणित मांडलं. सरकारनं डिझेल स्वस्त केलं की परवडेनासा होण्याचा तो टप्पा आणखी खाली, 200 टनांकडे सरकतो.

एकट्या देशानं अनुदान थांबवलं तर मासे शेजाऱ्याच्या जाळ्यात जातात. म्हणून हा प्रश्न जागतिक व्यापार संघटनेकडे गेला. तिथला 17 जून 2022 चा करार 15 सप्टेंबर 2025 पासून लागू झाला. बेकायदा मासेमारीला आणि कुणाचंच नियंत्रण नसलेल्या खुल्या समुद्रातल्या मासेमारीला अनुदान बंद. साठा आधीच खालावलेला असेल, तर तो सावरण्याचे उपाय केल्याशिवाय अनुदान नाही.

बोटींची गर्दी वाढवणाऱ्या अनुदानांचा मोठा भाग मात्र अजून वाटाघाटीतच आहे. विकसनशील देशांना 25 वर्षांची मुदत द्या, असं भारत म्हणतो. छोट्या होडीवाल्यासाठी मला ते पटतं. हजारो मैल दूर जाणाऱ्या ताफ्यांना तेच माप लावता येणार नाही. पण वेळ थोडा आहे. करार लागू झाल्यापासून 4 वर्षांत या उरलेल्या भागावर एकमत झालं नाही आणि सदस्यांनी वेगळा निर्णय घेतला नाही, तर लागू झालेला करारही रद्द होईल, असं कलम त्यातच आहे.