समुद्रापासून दूर, तरी चक्रीवादळासारखा वारा

अमेरिकेतलं आयोवा राज्य समुद्रापासून शेकडो मैल आत आहे. तरी 10 ऑगस्ट 2020च्या दुपारी तिथल्या सीडर रॅपिड्स शहरावर असा वारा सुटला, की बातम्यांनी त्याला थेट ‘जमिनीवरचं हरिकेन’, म्हणजे जमिनीवरचं चक्रीवादळ, म्हटलं. शहराजवळच्या ॲटकिन्स गावात ताशी 203 किलोमीटरचा झोत मोजला गेला. शहरातल्या एका अपार्टमेंटची झालेली मोडतोड पाहून तज्ज्ञांनी तिथला झोत ताशी 225 किलोमीटरपर्यंत गेला असावा, असा अंदाज बांधला. पत्र्याच्या उंच धान्यकोठ्या चेपून गेल्या. उभा मका मैलोन् मैल आडवा झाला, आणि बहुतेक एकाच दिशेला. भिंगरीसारख्या फिरणाऱ्या टोर्नेडोत पडझड वेड्यावाकड्या दिशांना होते. इथे वारा सरळ रेषेत आला होता.

अशा वादळाला ‘डेरेचो’ म्हणतात. त्याचं इंजिन चक्रीवादळाहून निराळं असतं. चक्रीवादळ उबदार समुद्राच्या वाफेवर पोसतं आणि कमी दाबाच्या केंद्राभोवती फिरतं. डेरेचो गडगडाटी ढगांच्या लांबलचक रांगेतून जन्मतो. पडता पडता पावसाच्या थेंबांची वाफ होते, त्यामुळे हवा गार आणि जड होऊन खाली आदळते व जमिनीवर पुढे पसरते. तिची धार समोरची दमट, गरम हवा वर ढकलते, तिथे नवे ढग उभे राहतात आणि रांग पुढे सरकत राहते. त्या दिवशी ही रांग सुमारे 14 तासांत 1,200 किलोमीटरहून जास्त धावली.

आकड्यांची तुलना मात्र जपून करावी. अमेरिकेत हरिकेनची श्रेणी एका मिनिटाच्या सरासरी वेगावर ठरते. 225 हा काही सेकंदांच्या झोताचा आकडा आहे. त्यामुळे तेवढ्या आकड्यावरून या वादळाला ‘चौथ्या श्रेणीचं हरिकेन’ म्हणणं मला पटत नाही. पण म्हणून धोका हलका होत नाही. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट. त्यातच ऑगस्टमधली पानांनी भरलेली झाडं. सीडर रॅपिड्सने आपलं निम्म्याहून अधिक वृक्षछत्र गमावलं, आणि काही घरांत वीज यायला दोन आठवडे लागले.

माझ्या मते खरा फरक हाताशी असलेल्या वेळेचा आहे. त्याच वर्षी 3 जूनला ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. श्रीवर्धनच्या नारळी-पोफळीच्या बागा भुईसपाट झाल्या, पण वादळ येणार हे आधी कळल्यामुळे हजारो माणसांना सुरक्षित जागी हलवता आलं होतं. आयोवात सकाळच्या अंदाजात एवढ्या वादळाची चाहूल नव्हती. तिथे गाव सोडून जाण्याचा प्रश्नच नव्हता. इशाऱ्याचा भोंगा वाजला की तळघर गाठायचं, तळघर नसेल तर खिडक्यांपासून दूर, घराच्या मधल्या खोलीत बसायचं. आणि वारा पडल्यावरही लोंबणाऱ्या तारांजवळ जायचं नाही.