अंगणातले तण, घरातली कीड आणि शेतातली बाटली

घरासाठी वेगळे कीटकनाशक विकत आणायची रीत विदर्भातल्या खेड्यांत फारशी जुनी नाही. बाजेत ढेकूण झाले की ती उन्हात काढून उकळते पाणी ओतायचे, धान्यात कडुनिंबाचा पाला घालायचा, डाळीला एरंडेल चोळायचे. 1953 मध्ये देशात हिवताप नियंत्रण मोहीम सुरू झाली आणि डीडीटीचा पंप घेऊन सरकारी माणसे थेट घरात आली. डासांसोबत ढेकूणही मरतात म्हणून सुरुवातीला त्यांचे स्वागत झाले. पुढे ढेकूण त्याला जुमानेनासे झाले.

त्यानंतर घरात जे आले ते बहुतेक कपाशीच्या वावरातून. नुवान म्हणून ओळखले जाणारे डायक्लोरव्हॉस माश्या-ढेकणांवर, थायमेट या कीडनाशकाचे दाणे साप येऊ नये म्हणून सांदवाडीत. थायमेटने साप दूर राहतो याला आधार नाही. कोंबड्या मात्र दाणे टिपतात. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक जीव गेले, तेव्हा चर्चा वावराची झाली, घराची नाही. ऑगस्ट 2018 च्या केंद्रीय आदेशाने 18 कीडनाशकांवर बंदी आली. त्यातली 12 लगेच बंद झाली. डायक्लोरव्हॉस आणि फोरेट, म्हणजे थायमेट, यांना 2020 च्या अखेरपर्यंत मुदत मिळाली. घरात सर्वाधिक शिरलेली हीच दोन!

तणाचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा. लव्हाळा उपटला तरी जमिनीतल्या गाठी राहतात आणि आठवड्याभरात पुन्हा हिरवा होतो, हरळीचेही तसेच. ग्लायफोसेट हे तणनाशक पानातून खाली मुळाकडे उतरते, म्हणून ते लोकांना पटले. त्यातच निंदणाला बाया मिळेनात, मिळाल्या तर मजुरी परवडेना. 2019 च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यात शेतकऱ्यांनी मंजुरी नसलेले तणनाशकसहनशील, म्हणजे ग्लायफोसेट फवारले तरी न मरणाऱ्या कपाशीचे बियाणे उघडपणे पेरले, त्यामागेही हेच गणित होते. भारतात ग्लायफोसेटची मान्यता चहाच्या मळ्यांपुरती आणि पीक नसलेल्या जागेपुरती. कपाशीत त्याची फवारणी नियमाबाहेरची. अंगण, वाडीचा बांध, गोठ्याची कड मात्र सरळ ‘पीक नसलेली जागा’.

केंद्राची ऑक्टोबर 2022 ची अधिसूचना नेमकी इथे अडते. तिच्यानुसार ग्लायफोसेटची फवारणी फक्त परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्यामार्फतच करता येते. कारण आरोग्याचे दिले गेले. 2015 मध्ये कर्करोगावर काम करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेने हे रसायन ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकले होते. अनेक देशांच्या नियामकांनी ते निष्कर्ष स्वीकारले नाहीत, आणि तो वाद मिटलेला नाही. पण इथे प्रश्न वेगळाच आहे. हा पेस्ट कंट्रोलवाला नागपूर-अमरावतीत फ्लॅटमधली झुरळे मारतो. धारणीच्या किंवा झरी-जामणीच्या गावात गोठ्याच्या कडेचे तण मारायला तो येणार का, आणि आला तर किती घेणार? बंदी घालायची तर सरळ घालायला हवी होती. ही अट म्हणजे बाटली दुकानात ठेवून हातावर कुलूप लावण्यासारखी आहे.

असा प्रयोग आधीही झाला आहे. धान्यातल्या किड्यांसाठीच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या, म्हणजे गावात ज्यांना सल्फास म्हणतात त्या, सरकारी यंत्रणा किंवा तज्ज्ञांच्या देखरेखीखालील पेस्ट कंट्रोलवाले यांनीच वापराव्यात असा नियम आहे. ओल लागली की गोळीतून फॉस्फिन वायू सुटतो. कोठी माजघरात असेल आणि त्याच खोलीत माणसे झोपत असतील तर काय होईल, हे सांगायला नको. तरी गोळी गावात मिळतेच.

अंगणातल्या तणांत गाजरगवतही आलेच. त्याचा इतिहास 1955 च्या सुमारास पुण्यात सुरू होतो असे सगळीकडे लिहिलेले असते. अमेरिकी गव्हासोबत ते आले हीही नेहमीची गोष्ट. पण तो गहू ज्या कराराने आला तो 1956 चा आहे, आणि त्याच्या कितीतरी आधीचे नमुने देशातल्या वनस्पतिसंग्रहांत सापडले आहेत. गाजरगवतावर उपाय म्हणून मेक्सिकोतला भुंगेरा 1984 मध्ये बेंगळुरूला सोडला गेला. तो पावसाळ्यात पाने फस्त करतो आणि थंडीत जमिनीत दडून बसतो, म्हणून त्याचा उपयोग पावसापुरता. एरवी फुलावर येण्याआधी हातमोजे घालून उपटणे आणि मोकळ्या झालेल्या जागेत गाजरगवताला दाबणारा तरोटा माजू देणे एवढेच उरते. तरोट्याची कोवळी पाने भाजीलाही चालतात.