जुगाराचा उपचार आणि मधेच उठून जाणारे

कॅनडातल्या क्वेबेकमध्ये रॉबर्ट लादुसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुगाराचं व्यसन जडलेल्यांवर मानसोपचार करून पाहिले आणि २००१ साली निष्कर्ष छापले. उपचारानंतर ८६ टक्के लोक आजाराच्या व्याख्येत बसेनासे झाले होते. आकडा डोळे दिपवणाराच. पण ८६ टक्के कुणापैकी? उपचार पूर्ण केलेल्यांपैकी. अर्ध्यावर उठून गेलेले या हिशेबात नव्हते.

आणि अशांची संख्या थोडी नसते. वेगवेगळे अभ्यास एकत्र करून २०२१ मध्ये काढलेली गळतीची सरासरी ३९ टक्क्यांच्या आसपास आली.

या उपचाराला सीबीटी म्हणतात, म्हणजे विचार आणि वागणं दोन्ही बदलायला शिकवणारा मानसोपचार. त्यात आधी जुगाऱ्याच्या डोक्यातलं गणित तपासलं जातं. १९१३ साली मॉन्टे कार्लोच्या कसिनोत रूलेटच्या लाल-काळ्या घरांच्या चाकावर चेंडू लागोपाठ २६ वेळा काळ्या घरात पडला. आता लाल यायलाच हवं, असं म्हणत लोक लाखो फ्रँक हरले. चेंडूला मागचं काही आठवत नसतं, हे कळायला सोपं आणि वळायला फार अवघड. त्यात आपला मेंदूही फितूर. तेव्हा केंब्रिज विद्यापीठात असलेल्या ल्यूक क्लार्क यांनी २००९ मध्ये दाखवलं, की थोडक्यात हुकलेला डावही मेंदूतली जिंकल्यावर जागी होणारी केंद्रं जागी करतो. मटक्याचा आकडा एका अंकाने गेला, की माणूस ‘हरलो’ म्हणत नाही, ‘जवळ आलो होतो’ म्हणतो. सोबतीला व्यवहारातले उपाय असतात: एटीएम कार्ड घरच्यांकडे देणं, अड्ड्याचा रस्ता टाळणं, खेळण्याची उबळ कधी येते ते लिहून ठेवणं.

मग माणसं उपचार अर्धवट सोडून का जातात? मला यातलं सर्वांत मोठं कारण कर्ज वाटतं. पुढचा पेला आपलं यकृत बरं करेल, असं दारुड्याला वाटत नाही. जुगाऱ्याला मात्र पुढचा डाव सगळी देणी फेडेल असंच वाटत असतं. समुपदेशक खेळ थांबवायला सांगतो, तेव्हा त्याच्या लेखी सुटकेची एकमेव वाटच बंद होते. सावकार तर दारात उभेच. उपचाराचं फळ दिसायला आठवडे लागतात आणि धीर हीच तर या आजारातली दुखरी जागा. लादुसर यांच्या गटाने २००३ मध्ये पाहिलं, तेव्हा अर्धवट सोडणाऱ्यांमध्ये उतावळेपणा जास्त आढळला. एखादा पुन्हा खेळून बसतो आणि लाजेने तोंड दाखवत नाही. काहीजण बरं वाटू लागलं म्हणूनही येणं थांबवतात. त्यांना अपयशी धरणं अन्यायाचं आहे.

कॅनडातल्याच कॅलगरीचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड हॉजिन्स यांनी वेगळी वाट धरली. माणसाला दवाखान्यात बोलावण्याऐवजी त्यांनी फोनवर एकदाच संभाषण केलं आणि घरी करायची एक कार्यपुस्तिका दिली. त्या बोलण्यात उपदेश नव्हता. थांबावंसं का वाटतं, हे त्याच्याच तोंडून काढून घेण्यावर भर होता. नुसती पुस्तिका मिळालेल्यांपेक्षा या लोकांची प्रगती चांगली होती.

आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर कायद्याने बंदी आली. ॲप बंद झालं, तरी त्यापायी काढलेल्या कर्जाचे हप्ते चालूच राहतात. दवाखान्याची पायरी चढायची तयारी नसेल, तर सरकारच्या ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनवर १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं.