‘एंडर्स गेम’मधील भावंडांचे परस्परसंबंध

ऑर्सन स्कॉट कार्ड या अमेरिकन लेखकाच्या ‘एंडर्स गेम’ (१९८५) या विज्ञान कादंबरीत पीटर, व्हॅलेंटाइन आणि अँड्र्यू ऊर्फ एंडर या विगिन भावंडांची परस्परविरोधी नाती कथानकाच्या मुळाशी आहेत. १९७७ मध्ये ‘ॲनालॉग’ मासिकात आलेल्या मूळ कथेचा पट लष्करी प्रशिक्षणापुरता होता. भावंडांचे घर कादंबरीत आले आणि तिची खरी खोली तेथूनच आली. ह्यूगो आणि नेब्युला हे विज्ञानसाहित्याचे दोन्ही पुरस्कार या कादंबरीला मिळाले.

कथेतील जगात कुटुंबाला दोनच मुलांची मुभा आहे. पीटर अतिक्रूर आणि व्हॅलेंटाइन अतिमवाळ म्हणून, परग्रहवासीयांशी होणाऱ्या युद्धासाठी मुलांनाच घडविणाऱ्या सैन्याला दोघेही नको झाले. दोघांच्या मधला कोणी हाती लागेल या आशेने सरकारने विगिन दांपत्याला तिसऱ्या अपत्याची परवानगी दिली. थोरल्या भावंडांच्या मापाने मोजला जाण्यासाठीच एंडर जन्मतो, आणि ‘तिसरा’ हा शब्द त्याला शिवीसारखा ऐकावा लागतो.

कादंबरीच्या प्रारंभी दहा वर्षांचा पीटर खेळाच्या मिषाने सहा वर्षांच्या एंडरला जमिनीवर दाबून धरतो आणि जिवे मारण्याची धमकी देतो. आठ वर्षांची व्हॅलेंटाइन युक्तिवाद करून त्याला आवरते. त्याच रात्री, एंडर झोपला आहे असे समजून, पीटर त्याच्या बिछान्यापाशी येऊन क्षमा मागतो आणि आपले त्याच्यावर प्रेम असल्याचे पुटपुटतो. पीटरला निव्वळ खलनायक ठरविणारे वाचन या प्रसंगापुढे टिकत नाही.

पुढे लष्करी शाळेत संगणकावरील खेळातल्या आरशात एंडरला स्वतःऐवजी पीटरचा चेहरा दिसतो. आपण पीटरसारखे होऊ ही त्याची सर्वांत मोठी भीती असते, आणि अंगावर येणाऱ्या मुलांना तो ज्या निर्दयतेने नामोहरम करतो, त्यामुळे ती वाढतच जाते. व्हॅलेंटाइनचे प्रेम हा त्याचा एकमेव आधार, परंतु अधिकाऱ्यांनी नेमके तेच साधन म्हणून वापरले. शाळेचा प्रमुख कर्नल ग्राफ तिच्याकडून एंडरला पत्र लिहवून घेतो आणि पुढे अमेरिकेतील ग्रीन्सबरोजवळच्या तळ्यावर, प्रशिक्षण पुढे चालू ठेवण्यास त्याचे मन वळविण्यासाठी, तिलाच पाठवितो. बहिणीच्या मायेचा असा सरकारी उपयोग पीटरच्या उघड क्रौर्यापेक्षा अधिक अस्वस्थ करणारा आहे.

पृथ्वीवर राहिलेली दोन्ही भावंडे टोपणनावांनी संगणकजालावर राजकीय लेखन करतात. येथे पीटर भूमिकांची अदलाबदल घडवून आणतो: मवाळ व्हॅलेंटाइन ‘डेमॉस्थेनिस’ होऊन युद्धखोर लिहिते, तर तो स्वतः ‘लॉक’ या नावाने समंजस संयमाची भाषा बोलतो. क्रूर व कोमल ही विभागणी स्वभावाने कायमची ठरत नाही, हे लेखकाने यातून फार कौशल्याने दाखविले आहे.

युद्धानंतर पीटरच्या हातातील बाहुले होऊ नये म्हणून व्हॅलेंटाइन एंडरला घेऊन दूरच्या वसाहतीकडे निघते. जगाचा सत्ताधीश झालेला पीटर वृद्धापकाळी एंडरशी संपर्क साधतो, आणि एंडर त्याचे पापपुण्य न लपविता त्याचे चरित्र लिहितो. याच मालिकेतील ‘झेनोसाइड’ (१९९१) या कादंबरीत एंडरच्या मनातून तरुण पीटर आणि तरुण व्हॅलेंटाइन सदेह प्रकट होतात. ती खरी भावंडे नसून एंडरने मनात जपलेली त्यांची रूपे आहेत.