‘नर्सिंग होम’ आणि वृद्धाश्रम यांच्यामधली इमारत

मुंबईत ‘नर्सिंग होम’ म्हटले की बाळंतपण, अपेंडिक्स किंवा मोतीबिंदू डोळ्यांसमोर येतो. गिरगाव, दादर किंवा पार्ल्यातल्या जुन्या इमारतीचा तळमजला, दारावर डॉक्टरांच्या आडनावाची पाटी, आत दहा-पंधरा खाटा आणि दारात डबा घेऊन उभा असलेला नातेवाईक. युरोप-अमेरिकेतले वास्तुरचनाकार मात्र हाच शब्द वापरतात तेव्हा त्यांना वेगळीच वास्तू अभिप्रेत असते. स्वतःची आंघोळ, कपडे, जेवण एकट्याने निभावू न शकणारे वृद्ध जिथे उर्वरित आयुष्य काढतात, ती वास्तू. वृद्धांच्या गरजांभोवती इमारत कशी आखावी हा प्रश्न आपल्याकडे इतका उशिरा का सुरू झाला, याचे बरेचसे उत्तर या शब्दाच्या घोळात आहे.

त्याआधीचा इतिहास दानधर्माचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला भायखळ्याजवळ एका पारशी दानशूराच्या देणगीतून निराधारांसाठी धर्मशाळा उभी राहिली आणि पुण्यातही थोड्या वर्षांत पंगुगृह निघाले. डोक्यावर छप्पर आणि दोन वेळचे अन्न एवढीच तेव्हाची अपेक्षा असल्याने ओळीने खोल्या, समोर ओसरी आणि टोकाला संडास ही रचना पुरेशी मानली गेली. विसाव्या शतकात मिशनऱ्यांच्या आणि वेगवेगळ्या समाजांच्या न्यासांनी काढलेले वृद्धाश्रम त्याच वळणावर गेले.

घोळ पक्का झाला तो १९४९ साली. मुंबई शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमाने आजार, दुखापत किंवा दुर्बलता असलेल्या व्यक्तींना ठेवून घेऊन जिथे उपचार आणि शुश्रूषा दिली जाते ती जागा म्हणजे शुश्रूषागृह, अशी व्याख्या केली आणि प्रसूतिगृहही तिच्यात धरले. यातल्या ‘दुर्बलता’ या शब्दावर थांबायला हवे. वार्धक्याने आलेली दुर्बलता त्यात बसते, असे अक्षरशः वाचणारा म्हणू शकतो. परंतु वाक्याच्या उत्तरार्धात ‘उपचार आणि शुश्रूषा’ अशी जोड असल्यामुळे जिथे उपचार होत नाहीत, नुसती शुश्रूषा होते, ती जागा व्याख्येत येते की नाही याची चर्चा अजून संपलेली नाही. व्यवहारात मात्र निकाल केव्हाच लागला. नोंदणी होत गेली ती छोट्या खासगी रुग्णालयांची. वृद्धाश्रम धर्मादाय नोंदणीखाली राहिले. आणि अंथरुणाला खिळलेल्या, पण रुग्णालयात ठेवण्याजोगा आजार नसलेल्या माणसाला सांभाळणारी जागा दोन्हींच्या मध्ये पडली. जिला नाव नाही तिच्यासाठी खोलीचे माप, दाराची रुंदी आणि खाटांमागे न्हाणीघरांचे प्रमाण कोण ठरवणार? कायद्याचा हेतू रुग्णांच्या संरक्षणाचा होता हे मान्य करूनही, या एका जोडशब्दाने वृद्धांचे नुकसान केले असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

परिणाम नकाशांत दिसतो. कोणी जाणीवपूर्वक अशी जागा बांधायला घेतलीच, तर हाताशी नमुना रुग्णालयाचा असे. मधून लांब पॅसेज, दोन्ही बाजूंना खोल्या, टोकाला परिचारिकांचे टेबल. चार-पाच दिवस राहणाऱ्या रुग्णासाठी ही आखणी सोयीची आहे. जिथे माणसाला पाच-सात वर्षे काढायची आहेत तिथे दोन्ही बाजूंनी बंद असलेला, दिवसाही दिव्यावर चालणारा पॅसेज त्याला खोलीतच बसवून ठेवतो. स्मृतिभ्रंश झालेल्याला तर सारखी दिसणारी दारे ओळखताच येत नाहीत.

परदेशातही सुरुवात याच चुकीने झाली. अमेरिकेत १९६५ नंतर सरकारी आरोग्य योजनांचा पैसा या क्षेत्रात आला आणि त्याबरोबर रुग्णालयाच्या धर्तीचे नियमही आले. १९७४ साली फिलाडेल्फियात स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांसाठी एक वास्तू उघडली, तिच्यात पॅसेज काढून टाकून मध्ये मोठी मोकळी जागा आणि तिच्याभोवती खोल्या अशी मांडणी होती, जेणेकरून खोलीच्या दारातूनच जेवणाचे टेबल आणि माणसे दिसावीत. आपल्या वाड्यातला चौक पाहिलेल्याला यात फारसे नवल वाटणार नाही. डेन्मार्कने १९८७ साली कायदा करून जुन्या पद्धतीची शुश्रूषागृहे नव्याने बांधणेच थांबवले आणि सोयींनी युक्त छोट्या घरांकडे मोर्चा वळवला.

आपल्याकडे वृद्धांच्या निवासाला कायद्यात स्वतंत्र स्थान मिळाले ते २००७ साली. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियमाच्या कलम १९ने राज्यांना टप्प्याटप्प्याने, सुरुवातीला प्रत्येक जिल्ह्यात निदान एक वृद्धाश्रम काढता येईल असे म्हटले; मात्र त्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय असावी अशी अट घातली. हा आकडा प्रशासनाला सोपा आहे, राहणाऱ्याला नाही. जगभर घरे आठ-दहा माणसांच्या गटांत विभागली जात असताना आपण दीडशेच्या खाली उतरायचे नाही असे लिहून बसलो.

मापे खऱ्या अर्थाने कागदावर आली ती त्यानंतर. अपंगांच्या हक्कांचा २०१६चा कायदा, त्याच वर्षीची राष्ट्रीय बांधकाम संहिता आणि २०१९ साली केंद्राने निवृत्तांच्या गृहप्रकल्पांसाठी काढलेली आदर्श मार्गदर्शक तत्त्वे यांत चाकाच्या खुर्चीला पुरेशी दारे, न घसरणाऱ्या लाद्या, न्हाणीघरात आधारदांड्या, उतारमार्ग हे सगळे आले. त्याच वर्षी डिसेंबरात लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात ज्येष्ठांच्या सेवागृहांची वेगळी व्याख्या, नोंदणी आणि किमान मानके यांची तरतूद होती. १९४९ची पोकळी भरण्याची ती पहिली थेट संधी होती. विधेयक मंजूर झाले नाही आणि लोकसभेची मुदत संपली तेव्हा तेही संपले. मधल्या काळात करोनाच्या साथीने एका मोठ्या दालनात वीस खाटा मांडण्याची जोखीम सगळ्यांना दाखवली होती.

मुंबईत हे नियम पाळायला गेले की आधी जागाच आडवी येते. पावसाचे पाणी आत शिरू नये म्हणून इथे जोते उंच ठेवतात. जोते दोन फूट असेल आणि उतार एकास बारा ठेवायचा असेल तर चोवीस फूट लांबीचा उतारमार्ग हवा, आणि सोसायटीच्या आवारात तेवढ्या जागेत दोन मोटारी उभ्या असतात. न्हाणीघराचे पाणी बाहेर येऊ नये म्हणून घातलेला उंबरठा ही तर प्रत्येक घरातली गोष्ट. त्यापुढचे दार अडीच फुटांहून रुंद क्वचितच असते, तर खुर्चीसाठी ९०० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ तीन फूट लागतात. जुन्या चार मजली इमारतींना मागाहून बाहेरून लावलेली लिफ्ट अनेकदा जिन्याच्या मधल्या टप्प्यावर थांबते, तिथून सात-आठ पायऱ्या उरतातच.

म्हणून ज्यांना ऐपत आहे असे प्रकल्प कर्जत, नेरळ, बदलापूर, पनवेलकडे गेले. तिथे बैठी घरे, रुंद व्हरांडे आणि बाग देता येते. पण चाळीच्या गॅलरीत खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलण्यात जन्म गेलेल्या माणसाला त्या बागेत कोणी ओळखीचे भेटत नाही, आणि ठाण्याच्या पुढे दोन तास प्रवास करून येणारी मुले महिन्यातून एकदाच येतात. शहरात राहिलेली सोय बहुतेक भाड्याच्या बंगल्यात किंवा तळमजल्यावरच्या दोन जोडलेल्या फ्लॅटमध्ये आहे. हॉलमध्ये सहा खाटा, बेडरूममध्ये चार, स्वयंपाकघराशेजारी आयांची झोपायची जागा, आणि न्हाणीघराच्या उंबरठ्यावर सिमेंटचा एक छोटा उतार घातलेला, जो घरमालक भाडेकरार संपताना फोडून पूर्ववत करून मागतो.