संशोधन कपाटातच राहतं का?

‘विद्यापीठातलं संशोधन पदवीपुरतं, शाश्वत विकासाची ध्येयं सरकारं गाठतात’ हा समज गोव्यातही जुनाच. काही प्रबंध खरंच धूळ खातात, त्यामुळे तो चटकन पटतो.

पण 2015 साली देशांनी 2030 पर्यंतची 17 ध्येयं ठरवली आणि 2017 मध्ये त्यांच्या मोजमापाचे निर्देशकही आले. चौदाव्या ध्येयाचा निर्देशक 14.3.1 पाहा: ठरावीक ठिकाणी मोजलेली समुद्राची आम्लता. फाइलीवर सही करून ती कळत नाही. नमुने घेऊन प्रयोगशाळेत बसावं लागतं. हे काम बरंचसं संशोधकांचंच.

आपल्या खाजनातलं, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातलं, कोरगुट घ्या. खारं पाणी सोसणारं हे भात शेतकऱ्यांनी जपलं, श्रेय त्यांचंच. मात्र बांध फुटून शेतात खारं पाणी शिरलं, तर कुठलं वाण किती तग धरेल? त्यासाठी रोपं कमीजास्त खारट पाण्यात वाढवून फुटवे, लोंब्या, दाणे मोजतात. भूक संपवण्याच्या दुसऱ्या ध्येयात बियाण्यांचं वैविध्य जपणं येतं, ते असं.

पडताळायचंय? शोधगंगा या प्रबंधांच्या खुल्या संग्रहात खाजन, खारफुटी, भात हे शब्द इंग्रजीतून शोधा. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण आधी वाचा (पहिलं बहुधा कंटाळवाणं असतं) आणि निर्देशकांची यादी शेजारी उघडी ठेवा.